घडीतली गल्ली

१

आक्काच्या वॉलपेपरवर एक गल्ली सापडली, आणि ती म्हणे चोरीची होती.

हे सांगायला नकाशा कंपनीचा वकील स्वतः वर्कशॉपवर आला. दारातच थांबून त्याने चष्मा पुसला आणि शेजाऱ्याला जेवायला बोलवावं इतक्या गोड आवाजात म्हणाला, "बाई, ही वीटभट्टीमागची वाकडी गल्ली बघा. टोकाला विहीर, दिसली? तिथे जाऊन बघाल तर ना गल्ली, ना विहीर. गोदामाची भिंत आहे नुसती. ही गल्ली आमच्या कंपनीने मनाने काढली आणि गेल्या वर्षीच्या आवृत्तीत मुद्दाम घातली. उंदरासाठी पिंजरा लावतात ना, तशी. आता पिंजऱ्यात तुम्ही सापडलात, त्याला आम्ही काय करणार?"

आक्काच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. तिच्या मागे वॉलपेपरच्या गुंडाळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, जायला निघालेल्या पाहुण्यांसारख्या. बालरुग्णालयाच्या नव्या वॉर्डासाठी छापलेला तो कागद. जुन्या शहराचा नकाशा, नदी निळी, पूल नारिंगी आणि छपराछपरावर एकेक मांजर. अंथरुणाला खिळलेल्या पोरांनी बोटानेच शहरभर भटकावं, अशी आक्काची कल्पना.

"मी कुणाचं काही घेतलेलं नाही," आक्का म्हणाली. "शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा आहे. त्याचे हक्क कधीच संपलेत. ग्रंथालयाने तो सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. घ्या, कापा, रंगवा, विका, कुणाची हरकत नाही. मी तसं रुग्णालयाला लिहूनही दिलंय. सगळा कागद त्या एकाच नकाशावरून."

"मग जुन्या नकाशात ही गल्ली दाखवा," वकील हसला. "सोमवारी रुग्णालयात बसू या. दाखवलीत तर मी तुमची माफी मागेन. नाही तर, बाई, चोराचा कागद आजारी लेकरांच्या उशाशी कोण लावणार?"

तो गेला. कोपऱ्यात खोक्यावर बसून लेकीला पाजणारी आक्काची धाकटी बहीण एवढा वेळ गप्प होती. नकलांच्या तक्रारी तपासणाऱ्या कचेरीत ती नोकरीला होती, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. कचेरीत तिला सगळे टाचणी म्हणत. नकाशात जिथे खोट असेल नेमकी तिथेच टोचते म्हणून. हळूहळू घरातलेही तेच म्हणायला लागले.

"टाचणे," आक्का म्हणाली, "तू तरी सांग, मी चोर आहे का गं?"

"आधी जुना नकाशा उघड."

भावोजींनी, म्हणजे आक्काच्या नवऱ्याने, कॉम्प्युटरवर ग्रंथालयातल्या नकाशाचं चित्र उघडलं. नदी सापडली. पूल सापडला. वीटभट्टीची चिमणीही सापडली. भट्टीच्या मागे सरकत टाचणी गल्लीच्या जागी आली, आणि तिथेच थबकली.

तिथे गल्ली नव्हती. तिथे काहीच नव्हतं. तिथे नकाशाला भोक होतं.

२

नकाशा घडी घालून ठेवलेला. उभी घडी आणि आडवी घडी जिथे एकमेकींना छेदतात, तिथे कागद आधी मऊ पडतो, मग विरतो, मग जातोच. कुणाच्या तरी खिशात, कुणाच्या तरी पेटीत, उघडमीट होऊन होऊन या नकाशाचा तेवढा तुकडा झिजून गेला होता. दुसरी प्रत कुठेच नव्हती. टाचणीने ग्रंथालयात फोन करून खात्री केली. "एकच उरलीय बाई, आणि तीही अशी," पलीकडून उत्तर आलं.

म्हणजे वॉलपेपरसाठी ते भोक कुणीतरी भरलं होतं. कुणी, आणि कशावरून?

वर्कशॉपमध्ये माणसं मोजकी. आक्का कल्पना काढायची. जुन्या नकाशावरून रेघा ओढायचे ते रेघकाका. उभा जन्म मोजणी खात्यात नकाशे काढण्यात घालवून निवृत्त झालेले, डोळ्याला भिंग लावून अजूनही केसाएवढी रेघ न थरथरता काढणारे. रंग भरायची ती रंगवाली. आणि छपाई-कटाईचं यंत्र भावोजींचं.

टाचणीने लेकीला झोळीत घेतलं आणि रेघकाकांच्या टेबलाशी स्टूल ओढलं.

"काका, भोक तुम्ही भरलंत?"

"मग काय ठिगळ लावणार होतो?"

"कशावरून भरलंत?"

काकांनी भिंग उतरवलं, पुसलं, पुन्हा लावलं. "डोक्यावरून."

"म्हणजे मनाने?"

"म्हातारा झालो म्हणून डोकं रिकामं झालं नाही. चार घरं, एक गल्ली, एक विहीर. त्यात काय एवढं?"

"आणि तुमच्या डोक्यातली गल्ली कंपनीच्या गल्लीसारखीच निघाली? तेच वळण, तीच विहीर, त्याच बाजूला?" टाचणीने वकिलाने सोडलेला कंपनीचा नकाशा आणि वॉलपेपरचा तुकडा शेजारी शेजारी ठेवले. मग तिचे डोळे बारीक झाले. "आणि काका, हे बघा. गल्ली मोठ्या रस्त्याला मिळतच नाही. जरा अलीकडेच संपते. नखाएवढी फट आहे. दोन्हीकडे तीच फट, त्याच जागी. तुम्ही जन्मात कधी रेघ अर्धवट सोडलीत?"

रेघकाकांची नजर टाचणीच्या खांद्यावरून पलीकडे, आक्काकडे गेली आणि लगेच परत आली. तेवढ्यात झोळीतल्या लेकीने जवळच्या गुंडाळीला बांधलेली कागदाची पट्टी ओढून तोंडात घातली होती. टाचणीने बोट घालून ती बाहेर काढली. लाळेने भिजलेली पांढरी पट्टी, तिच्यावर मुंगीएवढी कसली तरी छापील अक्षरं.

"भावोजी, हे काय बांधलंय गुंडाळ्यांना?"

"कटाईतल्या कडा!" भावोजी यंत्रामागून ओरडले. "फुकटच्या पट्ट्या असताना सुतळी विकत आणायला मी काय कारखानदार आहे? आमच्या भाचीला आवडल्या वाटतं. आईसारखीच, कागद दिसला की तपासायला घेते."

टाचणी हसली आणि पट्टी खिशात कोंबली. तिच्या डोक्यात काकांची ती नजर घोळत होती. म्हातारा खोटं बोलत होता, त्यात शंका नव्हती. कुणासाठी, तेवढंच कळत नव्हतं.

बाहेर पडता पडता भावोजींनी तिला दाराशी गाठलं. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "मेहुणीबाई, तुम्हाला एक सांगू? रंगवाली इथे यायच्या आधी कुठे होती, ठाऊक आहे?"

"कुठे?"

"त्याच नकाशा कंपनीत."

३

रंगवाली मागच्या अंगणात रंगाच्या बादल्या धूत होती. कोपरापर्यंत हात नारिंगी.

"आलात?" ती मान वर न करता म्हणाली. "मला वाटलंच होतं, गाडी माझ्याकडे वळणार. होते मी तिथे. सोडून आले. त्यांचा एक नकाशाही आहे माझ्याकडे, घरी कपाटाच्या तळाला अंथरलाय. बघायचाय? वर झुरळांची औषधं आहेत."

"भांडायला नाही आले गं. विचारायला आले."

"ताईंच्या घरी मी जेवलेय. माझी आई आजारी होती तेव्हा त्या रात्रंदिवस बसल्यात तिच्या उशाशी. त्यांच्या कागदात मी चोरीचा माल घालेन?" तिने बादली इतक्या जोरात आपटली की झोळीतली पोर दचकली. लगेच तिचा आवाज उतरला. "अगं बाई. रडू नको गं सोने. तुझ्यावर नाही ओरडले."

तिने नारिंगी बोटाने पोरीच्या नाकावर ठिपका दिला. रडं थांबलं. टाचणी पायरीवर टेकली.

"सापळ्याच्या गल्ल्या खरंच घालतात तिथे?"

"घालतात की. त्याचं एक टेबलच आहे वेगळं. पण त्याची एक रीत असते. खोटी गल्ली नेहमी खऱ्या रस्त्याला नीट चिकटवायची. सुटी राहिली तर त्यांचं तपासणीचं यंत्र ती चूक म्हणून वेगळी काढतं, आणि कुणीतरी ती पुसून टाकतं. सापळा असा लावायचा की स्वतःच्याच माणसालाही कळू नये."

टाचणीने कागदाचा तुकडा पुढे केला. रंगवालीने ओले हात एप्रनला पुसले आणि कागद डोळ्यांजवळ नेऊन ती फट बघितली.

"ही सापळ्याची नाही," ती म्हणाली. "ही तिथल्या टेबलावर कुणी काढलीच नाही. हे कुणीतरी बोटाने काढलंय. फोनवर. टोक जोडायचं होतं, पण बोट थरथरलं असणार."

फोनवर, बोटाने, नकाशा काढणारं कोण? कचेऱ्या तसं करत नाहीत. तसं करतात साधी माणसं, खुल्या नकाशावर. जगभरचे हौशी लोक आपापल्या गल्ल्या, झाडं, नळ, बाकं ज्यात भरत असतात तो सगळ्यांचा नकाशा. तोही कुणीही घ्यावा, रंगवावा, विकावा. अट एकच, कुणाचा आहे ते लिहायचं.

टाचणीने पायरीवरच फोन उघडला. वीटभट्टी, भट्टीमागची जागा. बोटांनी मोठं केलं, अजून मोठं केलं.

खुल्या नकाशावर तिथे एक लांबलचक करडा चौकोन होता. गोदाम. ना गल्ली, ना विहीर.

४

त्या संध्याकाळी आक्का स्वयंपाकघरात भांडी घासत होती, घासलेलीच पुन्हा घासत होती.

"काकांनी केलं असेल का गं?" मधेच म्हणाली. "भोक भरून टाका, एवढंच सांगितलं होतं मी. मनाने भरतील वाटलं. चार घरं काढायला कुणाची परवानगी लागते? पण म्हातारपणी नजर गेली, आणि कंपनीचा नकाशा दिसला, आणि घेतला... तर मी सोमवारी त्यांचं नाव नाही हं सांगणार. मीच केलं म्हणेन."

"म्हणजे वर्कशॉप जाणार."

"ते तसंही जाणारच आहे."

पोरीला मांडीवर थोपटत टाचणी कॉम्प्युटरसमोर बसली होती. समोर तोच करडा चौकोन. नोकरीत तिने शेकडो नकाशे टोचले होते आणि प्रत्येक वेळी एक गोष्ट तिला वाचवत आली होती. खुला नकाशा काही विसरत नाही. एखादं घर पुसलं तरी ते कधी काढलं, कुणी काढलं, कुणी पुसलं, सगळं तळाशी जपून ठेवतो. वरचा कागद आजचा, पण खाली जुने कागद एकावर एक.

तिने वरचा कागद बाजूला सारला. मग त्याखालचा. गोदामाचा चौकोन फिका झाला, नाहीसा झाला, आणि पडद्यावर हळूच एक वाकडी रेघ उमटली.

गल्ली होती. टोकाला विहीर होती. रस्त्यापाशी नखाएवढी फट होती.

कंपनीच्या नकाशाची आवृत्ती गेल्या वर्षीची. ही रेघ तिच्याही आदल्या हिवाळ्यातली. म्हणजे सापळाबिपळा काही नव्हतंच. कंपनीने खुल्या नकाशावरून आंधळेपणाने उचललं, फटीसकट उचललं, नावही लिहिलं नाही. पुढे गल्ली जागेवर नाही असं कळलं तेव्हा कपाळाला हात लावायच्या ऐवजी म्हणाले, आमचा सापळा आहे! आणि कागद विकणाऱ्या बाईला त्यातच अडकवलं.

गल्ली पुसणाऱ्याने कारणही लिहिलं होतं. कुणी परका, सज्जन माणूस. "स्वतः जाऊन पाहिलं. गोदामाची भिंत आहे. गल्ली अस्तित्वात नाही." बरोबरच होतं त्याचं. जे जमिनीवर नाही ते नकाशावर ठेवायचं नाही, असा नियमच आहे. टाचणीसमोर आली असती तर तिनेही पुसली असती.

मग तिने काढणाऱ्याचं नाव बघितलं.

नाव खरं नव्हतं, असतं तसं टोपणनाव होतं. "विहिरीकडची." खाली एकच ओळ. "इथे झाडाला वळसा घालून आमचं घर यायचं."

"आक्का," टाचणी म्हणाली. "भांडी ठेव. इकडे ये."

आक्का आली. ओले हात पुढे धरून वाचू लागली, आणि वाचता वाचता खाली बसली.

त्यांची आई. कुणी विचारलं, बाई तुम्ही कुठल्या, की जन्मभर तिचं एकच उत्तर. "मी विहिरीकडची." शेवटच्या आजारात तिला खाटेवरून उठता येईना तेव्हा टाचणीनेच तिच्या फोनवर तो नकाशा घालून दिला होता. फिर म्हणाली, बसल्या बसल्या गाव फिर. ही पोर तेव्हा पोटात होती. आई तासन्तास फोनवर बोट फिरवत बसायची. दोघी बहिणींना वाटायचं, करमणूक चाललीय.

"घरी चाललेली होती गं ती," आक्का म्हणाली.

५

दुसऱ्या दिवशी टाचणी पुन्हा रेघकाकांच्या टेबलाशी गेली. या वेळी तिने काही विचारलं नाही, सरळ सांगितलं.

"काका, तुम्ही भोक खुल्या नकाशावरून भरलंत. गल्ली पुसली जायच्या आधी. आणि तुमच्यासारखा माणूस नाव लिहिल्याशिवाय राहणार नाही. मग ते नाव कुठे गेलं?"

रेघकाकांचं भिंग टेबलावर खट्कन वाजलं.

"लिहिलं होतं मी," ते पुटपुटले. "समासात. नकाशा कुठून घेतला ते नेहमी समासात लिहितात. उभा जन्म तिथेच लिहीत आलो. छापायला द्यायच्या आदल्या दिवशी घातली ओळ. मग छापून आलेली गुंडाळी उलगडली, तर ओळ नाही. मला वाटलं, बाईंनी काढायला लावली. त्यांनी लिहून दिलं होतं ना रुग्णालयाला, सगळं जुन्या नकाशावरून म्हणून? माझी ओळ त्यांच्या शब्दाला आडवी येत होती." त्यांनी मान खाली घातली. "ज्या बाईने या वयात मला टेबल दिलं, तिला मी खोटी पाडू? म्हटलं, डोक्यावरून काढली म्हणावं, सुटका."

टाचणीने हळूच खिशात हात घातला. काल पोरीने चघळलेली पट्टी आता वाळून कडक झाली होती. तिने काकांचं भिंग उचललं आणि पट्टीवर धरलं.

"जुना नकाशा: ग्रंथालयाच्या संग्रहातून. झिजलेला तुकडा: खुल्या नकाशावरून, तो काढणाऱ्या सर्वांच्या नावे."

"भावोजी!" टाचणीने हाक मारली. "वॉलपेपरच्या कडा तुम्ही का कापता?"

"म्हणजे काय? कडा कापल्याशिवाय भिंतीवर एक पट्टा दुसऱ्याला कसा जुळणार? वॉलपेपरला समास ठेवतं का कुणी?" भावोजी हात पुसत आले, पट्टी बघितली, काकांकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची नेहमीची थट्टा कुणी पुसून नेल्यासारखी गेली. "काका... तुम्ही नाव समासात लिहिलंत?"

"नकाशाचं नाव समासातच..."

"आणि मी कापलं."

नकाशेवाल्याने नकाशेवाल्याच्या रीतीने लिहिलं, वॉलपेपरवाल्याने वॉलपेपरवाल्याच्या रीतीने कापलं. आणि ते कापलेलं नाव गुंडाळीगुंडाळीभोवती गाठ मारून बांधलेलं होतं. गाठ सोडायची आणि पट्टी टाकून द्यायची, एवढ्यासाठीच.

"चोर सापडला म्हणायचं का?" रंगवालीने दारातून विचारलं.

"नाही," टाचणी म्हणाली. "इथे चोर नाहीच. तीच तर पंचाईत आहे."

कारण तिला आता सोमवार स्पष्ट दिसत होता. गप्प बसावं तर आक्का चोर. बोलावं तर आक्का खोटारडी. "सगळा कागद त्या एकाच नकाशावरून," असं तिने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं.

६

रुग्णालयाच्या बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि खिडकीबाहेर वऱ्हांडा. वऱ्हांड्यात खाटा लावलेल्या. नव्या वॉर्डाच्या भिंती तयार नाहीत म्हणून पोरं तिथे निजलेली. टेबलाच्या टोकाला रुग्णालयाच्या मुख्य बाई बसल्या होत्या. डोळ्यांखाली काळं, बोलणं मऊ.

टाचणीने आदल्या रात्री आक्काला एकच विचारलं होतं. "बोलू ना?" आक्का म्हणाली होती, "आईची गल्ली त्यांची म्हणून खपवू देऊ? बोल."

ती बोलली. पोर मांडीवर, बोलणं संथ. आधी फट दाखवली. "ही गल्ली रस्त्याला मिळत नाही. सापळा असा कधी लावत नाहीत. सुटं टोक तुमच्याच यंत्राला चूक वाटलं असतं." मग खुल्या नकाशाचे तळचे कागद उलगडले. "ही गल्ली तुमच्या आवृत्तीच्या आदल्या हिवाळ्यात एका आजारी बाईने फोनवर बोटाने काढली. तिचं वळण, तिची विहीर, तिची थरथर, सगळं तुमच्याकडे जसंच्या तसं आहे. नाव तेवढं नाही. वकीलसाहेब, पिंजरा तुमचा नव्हता. तुम्हीच आत आहात."

वकिलाने चष्मा काढला, पुसला, घातला. कंपनीतून बरोबर आलेल्या माणसाच्या कानाशी लागला. मग तसाच गोड हसून म्हणाला, "सलोखा राहावा म्हणून आमची कंपनी तक्रार मागे घेतेय. चूकभूल सगळ्यांचीच होते." कागद गोळा केले आणि दोघं निघून गेले. माफीचं काही बोलणं नाही.

भावोजींनी टेबलाखालून आक्काचा हात दाबला. क्षणभर, अगदी क्षणभर, टाचणीलाही वाटलं की जिंकलो.

"म्हणजे," मुख्य बाई सावकाश म्हणाल्या, "सगळं जुन्या नकाशावरून नव्हतं."

"एक तुकडा," आक्का म्हणाली. "घडीतला. तो दुसरीकडून घेतलाय हे मला ठाऊक नव्हतं."

"आणि त्या लोकांचं नाव?"

आक्काने पट्टी टेबलावर ठेवली. मुख्य बाईंनी ती हातात घेतली, वाचली, पुन्हा वाचली, आणि जपून परत ठेवली. "तुम्ही चोरी केली नाहीत, हे मला पटलं. पण नाव गाठीत होतं, कागदावर नव्हतं. आणि तुम्ही दिलेला शब्द खरा नव्हता. वरच्या मंडळींना मी काय दाखवू?"

"ओळ नक्षीत घेते. पुन्हा छापते. थोडे दिवस द्या."

"बाई," मुख्य बाईंनी खिडकीकडे बघितलं. वऱ्हांड्यात एक पोरगं खोकत होतं, थांबता थांबत नव्हतं. "तक्रार आली त्याच दिवशी आम्ही दुसरीकडे सांगितलं. ढगांचा कागद आहे. कालपासून लावतायत. या लेकरांना अजून बाहेर ठेवू?"

आक्काने त्या खोकणाऱ्या पोराकडे बघितलं आणि मान हलवली. नाही म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

७

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या इंटरनेटवरच्या नकाशावर वीटभट्टीच्या मागे करडा चौकोन होता. किती चटकन दुरुस्त केलं. खुल्या नकाशावर तो होताच. टाचणीने तिथे गल्ली पुन्हा काढायला बोट टेकवलं होतं, पण काढली नाही. जमिनीवर नाही ते काढायचं नाही. उद्या दुसरा कुणी सज्जन माणूस जाईल, भिंत बघेल, पुसेल, आणि तोही बरोबरच असेल.

वर्कशॉप महिनाअखेर रिकामं झालं. रंगवालीला दुसरीकडे काम लागलं, डबे रंगवायचं. रेघकाका भिंग खिशात घालून गेले आणि पुढे फोन उचलेनासे झाले. भावोजी गुंडाळ्या रद्दीच्या गाडीत चढवताना म्हणाले, "बघा मेहुणीबाई, एवढं मोठं शहर एका टेम्पोत मावलं." कुणी हसलं नाही, तेव्हा स्वतःच जरा हसले. सगळ्या पट्ट्या त्यांनी सोडून ठेवल्या होत्या. आता सुतळी विकत आणली होती.

एक गुंडाळी आक्काने बाजूला काढली. टाचणीच्या घरी जिथे पोरीची खाट होती, तिथे दोघी बहिणींनी मिळून भिंतीला कागद चिकटवला. आक्का खळ लावत होती, टाचणी फडक्याने हवेचे फुगे दाबत होती. खाली, जमिनीलगत, काकांची पट्टी चिकटवली. ती कुणाच्या नजरेस पडणार नव्हती, तरी सरळ लावली.

गल्ली नेमकी पोरीच्या हाताच्या उंचीला आली. ती खाटेचा कठडा धरून उभी राहिली आणि तळहाताने भिंतीवर थापटू लागली. नदीवर, मांजरांवर, विहिरीवर.

"आजीचं घर," आक्का तिला म्हणाली. "तिथे झाड होतं. त्याला वळसा घालून..." आणि पुढे तिला सांगता येईना. वळसा घालून काय होतं, दार कुठल्या बाजूला होतं, हे दोघींपैकी कुणी कधी विचारलंच नव्हतं.

टाचणीने खिशातून पेन्सिल काढली. फट नखाएवढीच होती. छोटीशी रेघ पुरली असती, आणि मग मोठ्या रस्त्यावरून सरळ आत शिरता आलं असतं. तिने टोक कागदाला टेकवलं.

"जोडतेस?" आक्काने विचारलं.

टाचणीने फटीवर नख ठेवून बघितलं. त्या फटीएवढंच आईचं बोट थरथरलं होतं. बाकीची रेघ कुणीही काढली असती.

तिने पेन्सिल उचलली आणि खिशात ठेवली. खाटेत पोर दोन्ही हातांनी भिंत थापटत होती, आणि कोपऱ्यात खळ अजून ओली होती म्हणून कागद हळूहळू सुटायला लागला होता.